डिस्ट्रिब्युटर प्रज्वलन पद्धती

पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरमध्ये दाबले गेलेले हवा व पेट्रोलचे मिश्रण पेटविण्यासाठी, बॅटरीच्या १२ व्होल्टपासून हजारो व्होल्टची ठिणगी तयार करून ती ठरलेल्या क्षणी ठरलेल्या स्पार्क प्लगला पुरविणारी यंत्रणा. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली ही पद्धती १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींत आली. भारतात प्रीमियर पद्मिनी, अँबॅसडर या मोटारी अनेक दशके तिच्यावरच धावल्या.

यंत्रणेचे मूळ इग्निशन कॉइलमध्ये आहे. एकाच लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे काही शे वेढे (प्राथमिक गुंडाळी) आणि बारीक तारेचे अनेक हजार वेढे (दुय्यम गुंडाळी) असतात. डिस्ट्रिब्युटरमधील (प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागातील) पॉइंट, म्हणजे उघडमीट होणारे विद्युत संपर्क, मिटलेले असताना प्राथमिक गुंडाळीतून प्रवाह वाहतो व चुंबकीय क्षेत्र उभे राहते. फिरत्या दांड्यावरील कॅमचा उंचवटा पॉइंट उघडतो तेव्हा प्रवाह तुटतो, क्षेत्र एकाएकी कोसळते आणि दुय्यम गुंडाळीत साधारण १५ ते २५ हजार व्होल्ट प्रवर्तित होतात. म्हणजे ठिणगी पडते ती प्रवाह सुरू होताना नव्हे, तुटताना. आणि तो जितका झटकन तुटेल तितकी ती जोरकस. त्यामुळेच पॉइंटला समांतर जोडलेला छोटासा कंडेन्सर (विद्युत भार साठविणारा घटक) दिसतो त्यापेक्षा फार महत्त्वाचा आहे. तो नसेल तर उघडणाऱ्या पॉइंटमधील फटीतूनही प्रवाह ज्योतीसारखा चालू राहतो, क्षेत्र रेंगाळत ओसरते, ठिणगी मरगळते आणि पॉइंटची तोंडे जळून खडबडीत होतात.

कॉइलमधील उच्च विद्युत दाब जाड तारेने डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मध्यभागी येतो व तेथून फिरत्या रोटरवर जातो. रोटरचे टोक कॅपमधील टर्मिनलांना टेकत नाही. मधले बारीक अंतर वीज उडी मारून पार करते. चार स्ट्रोक एंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवीत असलेल्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदाच पेटत असल्याने डिस्ट्रिब्युटरचा दांडा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. पद्मिनीत सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात. कॅपवरील तारांची अदलाबदल झाली, तर एंजिन सुरू होत नाही किंवा बॅकफायर करते (मिश्रण भलत्याच वेळी पेटून स्फोटासारखा आवाज होतो).

वाटपापेक्षा वेळ साधणे अवघड असते. मिश्रण जळायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते आणि वेग वाढेल तशी ती आणखी आधी पडणे आवश्यक ठरते. हे काम दांड्यावरची दोन वजने करतात: वेगाबरोबर ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे सरकवतात. हलक्या भारावर निर्वात पडदा (एंजिनाच्या शोषणाने खेचला जाणारा पडदा) पॉइंटची तबकडी फिरवून ठिणगी आणखी आधी पाडतो. केवळ वजने, स्प्रिंगा आणि एक पडदा यांनी साधलेले हे गणित या यंत्रणेतील सर्वांत कौतुकास्पद भाग म्हणावे लागेल. ठिणगी फार आधी पडली तर एंजिन नॉकिंग करते, म्हणजे ठोकल्यासारखा आवाज करते. उशिरा पडली तर ताकद घटते व एंजिन तापते.

मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चार सिलिंडरच्या एंजिनात पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात. कॅमवर घासणारी त्यांची टाच झिजते, फट कमी होते आणि तिच्याबरोबर टायमिंगही सरकते, म्हणून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने) फट (सुमारे ०.४ मिलिमीटर) वरचेवर तपासावी लागे. पावसाळ्यात कॅपच्या आत दमटपणा साचून वीज भलत्याच वाटेने निसटते आणि गाडी सुरू होत नाही, तेव्हा कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसणे हा सर्वपरिचित उपाय होता. मात्र कॅपच्या आत वीज निसटून जळालेल्या, केसासारख्या काळ्या रेषा उमटल्या असतील, तर पुसून उपयोग नसतो. कॅपच बदलावी लागते.

पुढे पॉइंटची जागा चुंबकीय संवेदक व ट्रान्झिस्टर यांनी घेतली. नंतर संगणकीय नियंत्रणाखाली प्लगमागे वा प्लगांच्या जोडीमागे स्वतंत्र कॉइल आल्यामुळे डिस्ट्रिब्युटरच अनावश्यक ठरला.