सुप्त सामर्थ्य ते सिद्धी : एका कल्पनेची पार्श्वभूमी

‘तुमच्यातली क्षमता पूर्णपणे विकसित करा’ हा उपदेश आज इतका रुळला आहे, की त्यामागे अडीच हजार वर्षांचा वाद आहे असं वाटतच नाही. या वादाची सुरुवात झाली तेव्हा कोणाच्या यशापयशाशी त्याचा संबंध नव्हता. प्रश्न वेगळाच होता : जगात काही बदलतं, हे तर्काला धरून म्हणता येईल का?

इ. स. पू. पाचव्या शतकात पार्मेनिडीस या ग्रीक तत्त्वज्ञाने त्यावर ठाम ‘नाही’ असं उत्तर दिलं. जे नाही त्यातून काहीच निपजत नाही. आणि जे आहे ते नव्याने होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ते आधीच आहे. तेव्हा बदल हा भास. युक्तिवाद विचित्र वाटतो, पण त्यातली चूक नेमकी कुठे आहे हे दाखवणं ग्रीक विचारवंतांना फार जड गेलं.

ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) त्यावर काढलेला मार्ग म्हणजेच आपला विषय. ‘असणं’ एकाच प्रकारचं नसतं, असं तो म्हणाला. ब्राँझचा गोळा पुतळा नाही हे खरं, पण तो पुतळा होऊ शकतो. पाणी मात्र पुतळा होऊ शकत नाही. हे ‘होऊ शकणं’, म्हणजेच सामर्थ्य, हाही वस्तूचा खराखुरा भाग आहे. ते प्रत्यक्षात आलं की जी अवस्था येते, तिला त्याने ‘एन्टेलेखिया’, म्हणजे सिद्धी, म्हटलं. ग्रीसमधल्या मेगारा इथल्या तत्त्वज्ञांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते काम चालू असेल तेवढाच वेळ सामर्थ्य असतं. मग गवंडी हातातलं काम थांबवताच गवंडी राहत नाही का, आणि डोळे मिटणारा माणूस दिवसातून अनेकदा आंधळा होतो का, हा ॲरिस्टॉटलचा प्रतिप्रश्न आजही बिनतोड वाटतो.

खरी खुमारी मात्र त्याने केलेल्या पायऱ्यांत आहे. व्याकरण न शिकलेला माणूस व्याकरण जाणू शकतो, कारण तो माणूस आहे. व्याकरण शिकून झोपलेला माणूस वेगळ्या अर्थाने ते ‘जाणतो’. आणि समोरचं अक्षर या क्षणी ओळखणारा माणूस तिसऱ्याच अर्थाने. मधली पायरी दोन्हीकडे तोंड करून आहे : पहिल्याच्या तुलनेत ती सिद्धी, तिसऱ्याच्या तुलनेत नुसतं सामर्थ्य. आत्म्याची व्याख्या करताना त्याने हीच मधली पायरी वापरली. जिवंत राहण्याची क्षमता असलेल्या शरीराची ‘पहिली सिद्धी’ म्हणजे आत्मा. झोपेतही तो असतोच.

दुसरा बारकावा हल्लीच्या उपदेशांत हमखास हरवतो. घर बांधणं चालू असतं तोवर घर झालेलं नसतं. पाहण्याचं तसं नाही. पाहतो त्याच क्षणी पाहून झालेलं असतं. चांगलं जगणं ॲरिस्टॉटलने पाहण्याच्या रांगेत बसवलं, घरबांधणीच्या नव्हे. पूर्णत्व म्हणजे शेवटचा मुक्काम, असं त्याला म्हणायचं नव्हतं.

भारतीय दर्शनांतही असाच वाद झडला. कार्य कारणात आधीपासूनच अव्यक्त रूपात असतं, असं सांख्य मानतात. तेल तिळातून निघतं, वाळूतून निघत नाही, हा त्यांचा नेहमीचा दाखला. नैयायिकांच्या, म्हणजे न्याय दर्शन मानणाऱ्यांच्या, मते कार्य नव्यानेच उत्पन्न होतं. ॲरिस्टॉटल या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा दिसतो, पण ही तुलना फार ताणू नये. सांख्यांचा रोख मूळ प्रकृतीकडे आहे, त्याचा एकेका वस्तूकडे.

पुढे इब्न सीना (९८०–१०३७) या इस्लामी जगातल्या तत्त्वज्ञाने आत्म्याला शरीराचं पूर्णत्व म्हणतानाच तो शरीरावाचूनही टिकतो असं मांडलं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मचिंतकाने ईश्वराला निव्वळ सिद्धी ठरवलं, ज्यात ‘अजून व्हायचं’ असं काही उरलेलंच नाही.

सतराव्या शतकात ही सगळी परिभाषा टिंगलीचा विषय झाली. सामर्थ्य हे सामर्थ्य असतानाच त्याचं प्रत्यक्षात येणं म्हणजे गती, ही ॲरिस्टॉटलची व्याख्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने मुद्दाम लॅटिनमध्येच ठेवली. तिचा अर्थ आपल्याला लावता येत नाही, असं त्याने लिहिलं. जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्झने मात्र १७१४च्या ‘मोनॅडॉलॉजी’ या पुस्तिकेत जुनं ‘एन्टेलेखिया’ पुन्हा वापरात आणलं. भौतिकशास्त्रातही ही जोडी मागच्या दाराने शिरली. १८५३ मध्ये रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने ऊर्जेचे दोन प्रकार मांडले, ‘पोटेन्शियल’ (सुप्त) आणि ‘ॲक्च्युअल’ (प्रत्यक्ष). पहिलं नाव टिकलं; दुसऱ्याची जागा ‘कायनेटिक’ने (गतिज) घेतली.

जीवशास्त्रातला प्रसंग अधिक नाट्यमय आहे. १८८८ मध्ये विल्हेल्म रू या जर्मन जीवशास्त्रज्ञाने बेडकाच्या दोन पेशींच्या गर्भातली एक पेशी तापलेल्या सुईने मारली. अर्धाच गर्भ वाढला. १८९१ मध्ये हान्स ड्रीशने समुद्री अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या अशाच दोन पेशी हलवून वेगळ्या केल्या, तर प्रत्येकीतून लहान पण पूर्ण अळी तयार झाली. यंत्राचे दोन तुकडे करून दोन यंत्रं होत नाहीत. मग सजीवात काहीतरी अभौतिक मार्गदर्शक असणार, असा निष्कर्ष काढून त्याने त्याला ‘एन्टेलेखी’ म्हटलं. प्रयोग पक्का होता, निष्कर्ष नाही. या तत्त्वाचे नियम सांगता येत नाहीत, मग त्याने काहीच स्पष्ट होत नाही, हा तत्त्वज्ञ रुडॉल्फ कार्नाप यांचा आक्षेप रास्त होता.

माणसाच्या जीवनध्येयाशी आजच्या अर्थाने ही कल्पना जोडली गेली ती विसाव्या शतकात, तीही एका दवाखानी वाटेने. कुर्ट गोल्डश्टाइन यांनी पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार केले होते. उरलेल्या क्षमतांनिशी जगण्याची नवी घडी बसवण्याची त्या रुग्णांची धडपड पाहून त्यांनी ‘स्व-सिद्धी’ ही प्रत्येक सजीवाची मूळ प्रेरणा मानली. १९४३ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी गोल्डश्टाइन यांचं ऋण मान्य करून हीच संज्ञा घेतली, पण तिचा अर्थ बराच आवळला. गरजांच्या त्यांच्या मांडणीत ती सर्वांत शेवटी येते : भूक, सुरक्षितता, आपुलकी आणि प्रतिष्ठा यांची सोय बऱ्यापैकी लागल्यावर. गोल्डश्टाइन यांच्या रुग्णांकडे यातलं फारसं काही नव्हतं.