परवाना मालकाच्या नावाचा : कॅनडातील स्थलांतरित घरकामगार स्त्रियांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

कॅनडात परदेशातून आलेल्या घरकामगार स्त्रियांच्या सुरक्षिततेची चर्चा बहुधा एखाद्या जुलमी मालकाच्या कहाणीवर येऊन थांबते. प्रश्नाचे मूळ मात्र परवान्यांच्या अटींमध्ये आहे.

१९५५ मध्ये जमैका आणि बार्बाडोस येथून घरकामासाठी स्त्रिया आणण्याची योजना सुरू झाली. उमेदवार १८ ते ३५ वयाची, अविवाहित आणि निरपत्य असावी, अशी अट होती. एरवी कृष्णवर्णीयांना दार जवळजवळ बंद ठेवणाऱ्या सरकारने या स्त्रियांना कायम वास्तव्याचा हक्क दिला आणि वर्षभराच्या घरकामानंतर दुसरी नोकरी धरण्याची मुभाही ठेवली. त्यांपैकी अनेकजणी मायदेशी शिक्षिका किंवा कारकून होत्या, त्यामुळे संधी मिळताच त्या घरकाम सोडून जात.

१९७३ पासून अशा कामगारांना तात्पुरते परवानेच मिळू लागले. नोकरी गेली की देशात राहणेही धोक्यात, हे समीकरण तेव्हापासूनचे. जुन्या 'निरपत्य' अटीचा फटकाही पुढे बसला : अर्जात मुलांचा उल्लेख न केल्याच्या कारणावरून सात जमैकन मातांवर १९७७ मध्ये हद्दपारीची कारवाई झाली. 'कामाला चालतो, तर राहायलाही चाललो पाहिजे' अशा आशयाच्या घोषणेखाली लढा उभा राहिला आणि १९७९ मध्ये त्यांना राहण्याची परवानगी मिळाली.

योगायोग असा की, त्याच वर्षी आँटॅरिओ प्रांतात लागू झालेल्या कामगार सुरक्षा कायद्याने खासगी घरातील नोकरांचे काम आपल्या कक्षेबाहेर ठेवले. रुग्णाला उचलताना पाठ धरली, सफाईच्या रसायनाने हात भाजला, तरी ते घर या कायद्याच्या लेखी कामाची जागा नव्हतेच.

१९८१ च्या योजनेने दोन वर्षांच्या कामानंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याची वाट खुली केली. १९९२ च्या योजनेत तीन वर्षांच्या आत २४ महिने काम पूर्ण करणे आणि तेही मालकाच्याच घरी राहून करणे बंधनकारक होते. या योजनेखाली मुख्यतः फिलिपिन्समधील स्त्रिया आल्या. शेजारच्या खोलीत रात्री दोन वाजता मूल रडले, तर उठणे हे काम की माया, याचा हिशेब कोण ठेवणार? चोवीस महिने भरेपर्यंत तक्रार करायची नाही, हा व्यवहारी शहाणपणा त्यातूनच आला.

मालकाच्या घरी राहण्याची सक्ती २०१४ मध्ये उठली. २०१९ च्या प्रायोगिक योजनांनी परवाना विशिष्ट मालकाऐवजी व्यवसायाशी जोडला, म्हणजे मालक बदलण्याची मुभा दिली.