साग की ऐन: ओंडक्याचा आडवा छेद काय सांगतो

पुरात वाहून आलेला किंवा वर्षानुवर्षे पाण्यात पडून राहिलेला ओंडका हाती आला, की त्याचा तपकिरी गाभा, म्हणजे बाहेरच्या फिकट थराच्या आतले गडद लाकूड, पाहून तो साग ठरवला जातो आणि तोच उचलताना जड लागला, की तितक्याच घाईने ऐन, म्हणजे सागाहून जड लाकडाचे दुसरे जंगली झाड, ठरवला जातो. दोन्ही निर्णय चुकीच्या पुराव्यावर उभे आहेत.

सागाविषयी सुतारकाम करणाऱ्याला फार सांगायला नको. रंधा मारताच उघडणारा सोनेरी तपकिरी रंग, बोटांना लागणारा तेलकटपणा आणि ताज्या कापाचा ओळखीचा वास सगळ्यांच्या परिचयाचा आहे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांची असते. ती ओंडक्यावर शिल्लक असेल, तर वाद तिथेच मिटतो. मात्र पाण्यात राहिलेल्या ओंडक्यावर साल क्वचितच टिकते.

वजनावर तर मुळीच विसंबू नये. पूर्ण वाळलेला साग घनमीटरला सुमारे ६५० किलो आणि ऐन ८५० किलोच्या आसपास भरतो हे खरे, पण ही तुलना वाळलेल्या लाकडाची आहे. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणूनच ब्रह्मदेशात सागाचे ओंडके नदीतून सोडण्यापूर्वी बुंध्याभोवती खोल खाच घेऊन झाड दोन-तीन वर्षे उभ्यानेच वाळू देत आणि मगच तोडत. तेव्हा तळाशी सापडला म्हणजे तो ऐनच, हे अनुमान टिकत नाही.

खरी गफलत होते ती रेषांपाशी. दोन्ही लाकडांच्या फळीवर गडद रेषा दिसतात आणि त्यांनाच वाढीची वलये समजून ‘नक्षी सागासारखी आहे’ असे म्हटले जाते. ऐनाच्या गाभ्यातील गडद पट्टे बहुतांशी रंगाचे असतात. ते वलयांची मर्यादा पाळतातच असे नाही, वाटेल तिथे रुंदावतात आणि विरतात. सागाची नक्षी छिद्रांच्या, म्हणजे झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्यांच्या कापलेल्या तोंडांच्या, रचनेतून उमटते, त्यामुळे रंग उडून लाकूड राखाडी झाले तरी ती राहते.

हे पाहायचे तर फळीचा पृष्ठभाग सोडून आडव्या छेदाकडे यावे. ओंडक्याच्या टोकाचा कुजकट भाग कापून टाकावा, गाभ्यावरचा बोटभर तुकडा धारदार पटाशीने एकाच दमात तासावा, पाण्याचे बोट फिरवावे आणि दहापट भिंगातून पाहावे. सँडपेपरने घासू नये, कारण भुसा छिद्रांत बसतो आणि पाहायचे तेच झाकले जाते. सँडपेपरच्या या घाईची मला मनापासून चीड आहे. साग असेल, तर प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसते, तिच्यालगत फिकट ऊतीची पट्टी असते आणि पुढे छिद्रे लहान व विरळ होत जातात. ऐनात अशी ओळ नसते: जवळजवळ सारख्या आकाराची छिद्रे सर्वत्र विखुरलेली असतात आणि त्यांच्याभोवतीची फिकट ऊती दोन्ही बाजूंना पंखांसारखी पसरून शेजारच्या छिद्राच्या ऊतीला जागोजागी जाऊन मिळते.

एक अडचण मात्र प्रामाणिक आहे. अतिशय सावकाश वाढलेल्या सागात वलये इतकी अरुंद असतात, की लहान छिद्रांच्या भागाला जागाच उरत नाही. मोठ्या छिद्रांच्या ओळी एकमेकींना भिडतात आणि छेद ऐनासारखा विखुरलेला भासतो. अशा वेळी एकाच जागी पाहून थांबू नये. त्याच छेदावर रुंद वलये शोधावीत आणि फिकट ऊतीचे पंख आहेत का, हे तपासावे. अगदी मध्याजवळचा भाग वगळावा, कारण तिथली वलये पुढच्या वाढीचे प्रतिनिधित्व करत नाहीत.

एवढे करूनही शंका उरलीच, तर तो ओंडका ऐन समजूनच वाळवावा: टोकांना मेण किंवा जाड रंग लावून, सावलीत आणि सावकाश. सागाचे यात काहीच बिघडत नाही, पण सागाच्या हिशेबाने उन्हात घाईने वाळवलेला ऐन पिळतो आणि टोकांपासून उभा फाटत जातो.