"वय झालं की माणूस उदास होणारच" हे खरं नाही

आजी गप्प गप्प असते, जेवत नाही, पहाटे ३ लाच उठून बसते, आणि घरातले म्हणतात वय झालंय आता, चालायचंच. हे इतकी वर्षं ऐकतोय आपण की खरंच वाटायला लागलंय, पण डिप्रेशन हा म्हातारपणाचा भाग नाही, तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत.

मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर लासी नावाचा मोठा सर्व्हे केला. त्यात ठरावीक प्रश्न विचारून बघितलं तर साठीच्या पुढच्या साधारण ८ टक्के लोकांत डिप्रेशनची लक्षणं सापडली. म्हणजे बहुतेकांना ते नव्हतंच, मग "होणारच" कसं म्हणायचं? आणि डॉक्टरांनी निदान केलंय असं सांगणारे १ टक्कासुद्धा नव्हते, मला तर हाच आकडा जास्त लागला.

"आता या वयात काय फरक पडणार" हेही चूक. गोव्यात साठीच्या पुढच्या, थोडीफार लक्षणं असलेल्या १८१ जणांवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. सायकियाट्रिस्ट नाही, ट्रेनिंग दिलेले साधे समुपदेशक अडचणी कशा सोडवायच्या, झोप कशी सुधारायची, शुगर कशी सांभाळायची हे शिकवत होते. वर्षभरात, ज्यांना हे शिकवलं त्या गटात ९१ पैकी ४ जणांना डिप्रेशन आलं, ज्यांना नाही शिकवलं त्या गटात ९० पैकी १३ जणांना.

दोन आठवडे असं चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.