गणिताचे तयार पाठ आले कुठून? नॉटिंगहॅमच्या खोक्यांची गोष्ट

आज आठवी-नववीच्या गणिताचं काहीही नेटवर शोधा, वर्कशीट, पीपीटी, कार्डांचे सेट, व्हिडिओ असं ढिगाने मिळतं, आणि टाचण वही भरायची घाई असली की आपण जे पहिलं दिसेल ते डाउनलोड करून मोकळे होतो. पण यातले काही पाठ वेगळेच असतात हे वर्गात वापरल्यावर लगेच कळतं. मुलं बोलायला लागतात, भांडतात, चुकीचं उत्तर सुद्धा कारण देऊन सांगतात. असे पाठ कुणी एका रात्रीत टाइप केलेले नसतात, त्यांच्यामागे चाळीस-पन्नास वर्षांचं काम आहे, आणि त्यातलं फार मोठं काम इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या शेल सेंटर या गणित-शिक्षणाच्या संशोधन केंद्रात झालं. ते माहीत असलं की चांगलं मटेरियल आणि नुसतं भरताड यातला फरक ओळखता येतो, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात जरा आधीपासून करायला लागेल. 1961 मध्ये ब्रायन थ्वेट्स यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये स्कूल मॅथेमॅटिक्स प्रोजेक्ट सुरू झाला, सगळे त्याला एसएमपी म्हणतात, आणि शाळेतल्या शिक्षकांनी स्वतः बसून नवी पुस्तकं लिहिली. मग 70 च्या दशकात लंडनमध्ये स्माइल नावाची योजना आली, त्यात पुस्तकच नाही, नुसती कार्डं. शिक्षकांनी लिहिलेली शेकडो कार्डं, प्रत्येक मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे वेगळी यादी, ज्याने त्याने आपल्या वेगाने सोडवत जायचं. कल्पना खरंच सुंदर होती आणि त्यातली कित्येक कार्डं आजही वापरावीत इतकी चांगली आहेत. पण अशा योजनांमध्ये एक अडचण व्हायची. तीस मुलं तीस वेगळ्या कार्डांवर, मग शिक्षक काय करणार, कार्ड देणार, तपासणार, पुढचं कार्ड देणार, आणि सगळ्या वर्गाने एका प्रश्नावर मिळून डोकं लावायचं हे राहूनच जायचं. शाळेतल्या गणितावरच्या 1982 च्या सरकारी कॉकक्रॉफ्ट अहवालाने नेमकं हेच सांगितलं, की गणिताच्या वर्गात सर समजावून सांगतात आणि मुलं सराव करतात एवढंच पुरेसं नाही, चर्चा हवी, प्रत्यक्ष काम हवं, प्रश्न सोडवणं हवं, शोध घेणं हवं, आणि तेही सगळ्या इयत्तांना.

आता सांगणं सोपं आहे हो, पण उद्या सकाळी दुसऱ्या तासाला चर्चा घ्यायची कशी आणि कशावर? इथे अजून एका अभ्यासाचा उपयोग झाला. लंडनच्या चेल्सी कॉलेजमध्ये 1974 ते 1979 या काळात कॅथलीन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 11 ते 16 वयाच्या मुलांना गणितातल्या संकल्पना कितपत कळतात ते तपासलं होतं. त्यातला गुणोत्तराचा एक प्रश्न फार प्रसिद्ध आहे. बुटक्याची उंची 4 काड्या, उंच माणसाची 6 काड्या. बुटक्याला पेपरक्लिपने मोजलं तर 6 क्लिपा भरतात, तर उंच माणसाला किती? उत्तर 9, पण भरपूर मुलं 8 सांगतात, कारण 4 आणि 6 मध्ये 2 चा फरक आहे म्हणून 6 मध्ये 2 मिळवले. ही काही निष्काळजीपणाची चूक नाही, त्या मुलाच्या डोक्यात एक पक्का नियम बसलेला आहे, आणि असा नियम तुम्ही शंभर गणितं करून घेतली तरी हलत नाही. आपल्याकडे सातवी-आठवीच्या कुठल्याही वर्गात विचारून बघा, हेच 8 ऐकू येईल.

नॉटिंगहॅममध्ये अॅलन बेल यांनी यावरच काम केलं. चूक झाकायची नाही, उलट असा प्रश्न द्यायचा की मुलाचा नियम त्याच्याच समोर कोसळेल, मग वर्गात त्यावर बोलायचं. मुलं म्हणतात 0.25 हे 0.8 पेक्षा मोठं, कारण 25 मोठे. ठीक, मग दोन्ही संख्यारेषेवर दाखव, पैशात सांग, आता काय? हा जो क्षण आहे ना, दोन उत्तरं जुळत नाहीत म्हणून मूल अडतं तो, त्याच्याभोवती अख्खा पाठ रचायचा.

आणि मग आली ती खोकी. ह्यू बर्कहार्ट 1976 पासून शेल सेंटरचे संचालक होते आणि त्यांचं ठाम म्हणणं होतं की परीक्षेत जे विचाराल तेच वर्गात शिकवलं जाईल, त्यामुळे परीक्षेला हात न लावता नुसतं मटेरियल वाटून काही होणार नाही. मला हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यात खरा मुद्दा वाटतो. त्यांनी जॉइंट मॅट्रिक्युलेशन बोर्ड या परीक्षा मंडळाला बरोबर घेतलं आणि ठरवलं की पेपर एकदम बदलायचा नाही, एका वेळी एकच नव्या प्रकारचा प्रश्न आणायचा, साधारण 5 टक्के, तेवढाच जुना भाग काढायचा, आणि शाळांना आधीच एक खोकं द्यायचं ज्यात नमुना प्रश्न, सुमारे तीन आठवड्यांचे पाठ आणि शिक्षकांनी आपसात बसून करायचं प्रशिक्षण असं सगळंच असेल. 1984 मध्ये निळं खोकं आलं, आकृतिबंध आणि संख्यांच्या प्रश्नांचं, आणि 1985 मध्ये लाल खोकं आलं, आलेखांचं.

लाल खोक्यामागचा मुख्य माणूस माल्कम स्वान. त्यातला एक प्रश्न सांगतो. वेग आणि वेळेचा एक आलेख दिलाय, खाली खेळांची यादी, मासेमारी, बांबूउडी, 100 मीटर धावणं, गोल्फ, भालाफेक वगैरे, आणि विचारलंय की हा आलेख कुठल्या खेळाचा? उत्तर शोधताना कोणी म्हणतं बांबूउडी, कारण रेघ वर जाऊन खाली येते! म्हणजे ते मूल आलेखाला चित्र समजतंय, माणूस वर गेला आणि खाली आला असं. एकही समीकरण नाही, आकडेमोड नाही, तरी अक्ष म्हणजे काय, चढ म्हणजे काय यावर अर्धा तास वाद होतो. आपल्याकडे आलेख म्हणजे प्रमाण लिहा, बिंदू स्थापन करा, रेषा काढा, छेदनबिंदू सांगा, इतकंच बऱ्याचदा होतं, म्हणून हा प्रश्न वाचून फार बरं वाटतं आणि जरा वाईटही वाटतं.

पुढे ओ लेव्हल, म्हणजे सोळाव्या वर्षी द्यायची जुनी परीक्षा, बंद होऊन 1988 मध्ये तिच्या जागी जीसीएसईच्या परीक्षा सुरू झाल्या. स्वान मात्र काम करत राहिले, आणि नंतर त्यांनी जीसीएसईमध्ये गणितात मागे पडून पुन्हा बसणाऱ्या कॉलेजच्या मुलांकडे लक्ष दिलं, म्हणजे गणितावरचा विश्वास ज्यांचा उडालेला आहे अशा मुलांकडे. त्यातून 2005 मध्ये इंग्लंडच्या शिक्षण खात्याने अजून एक खोकं काढलं, शिक्षक त्याला स्टँडर्ड्स युनिटचं खोकं म्हणतात. कार्डं लावा, आलेख-समीकरण-तक्ता-शब्द यांच्या जोड्या जुळवा, दुसऱ्याने सोडवलेलं गणित तपासा, स्वतः गणित तयार करा, आणि ते ‘नेहमी, कधीकधी, कधीच नाही’ वालं, ज्यात ‘गुणाकार केला की संख्या वाढते’ असं विधान देतात आणि मुलांनी ते कुठल्या गटात जातं ते उदाहरणं देऊन पटवायचं. हा प्रकार आज इतका पसरलाय की कुणी सुरू केला हे कुणाला आठवतही नाही.

यानंतर शेल सेंटरमध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाबरोबर, गेट्स फाउंडेशनच्या पैशातून, सहावी ते बारावीसाठी 100 पाठ तयार झाले आणि ते पीडीएफ करून फुकट ठेवले. त्यांची रचना बघण्यासारखी आहे. पाठाच्या आधी मुलांना एक प्रश्न सोडवायला द्यायचा, शिक्षकाने उत्तरं वाचायची पण मार्क द्यायचे नाहीत, मग एक तक्ता दिलेला असतो, डावीकडे मुलं सहसा काय चूक करतात आणि उजवीकडे त्या मुलाला कोणता प्रश्न विचारावा. उत्तर सांगायचं नाही, प्रश्न विचारायचा. हा तक्ता वर्गात प्रत्यक्ष बसून, मुलांचे कागद गोळा करून, पाठ पुन्हा पुन्हा बदलून बनलाय, म्हणून तो कामाला येतो. 2016 मध्ये बर्कहार्ट आणि स्वान या दोघांना मिळून पहिला एम्मा कास्टेलनुओव्हो पुरस्कार, म्हणजे गणित-शिक्षणातल्या कामाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार, मिळाला, आणि पुढच्याच वर्षी स्वान गेले.

याच काळात केंब्रिज विद्यापीठाचा एनरिच हा ऑनलाइन उपक्रम 1996 पासून गणिताचे प्रश्न देत आलाय, शिक्षक आपापल्या वर्कशीट एकमेकांना देत आलेत, आणि एप्रिल 2020 मध्ये शाळा बंद असताना ओक नॅशनल अॅकॅडमीचे ऑनलाइन पाठ आले. संख्या प्रचंड वाढली. पण कार्डांचा सेट उतरवून घेताना बहुतेक वेळा मागची शिक्षकांसाठीची पानं कुणी घेत नाही, आणि खरा पाठ त्याच पानांत असतो, मुलं काय म्हणतील आणि तुम्ही काय विचाराल ते तिथे लिहिलेलं असतं. आपल्या मराठी माध्यमाच्या शिक्षकांनी या 100 पाठांतले दोन-चार जरी मराठीत आणले तरी फार मोठं काम होईल, पण आणायचे तर त्या तक्त्यासकट आणा, आणि तक्त्यात आपल्या मुलांच्या चुका भरा, आपल्याच वर्गातले कागद बघून.