राबत्या कुत्र्याचा खुराक : आधी भाकरी, मग बाटली

साक्री तालुक्यातल्या ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यासोबत (कळप-कुटुंबाच्या फिरत्या तांड्यासोबत) चालणारं कुत्रं दिवसभर मेंढ्यांमागे फिरतं आणि रात्री लांडगा-बिबट्यासाठी जागं राहतं. रावेर-यावलकडे केळीच्या बागेतून रानडुकरं हाकलणारं कुत्रं तेवढं चालत नाही, पण रात्रीतून कितीतरी वेळा जीव खाऊन पळतं. दोघांच्याही पुढ्यात बहुधा पडते ती ज्वारीची भाकरी आणि वर ओतलेलं दूध. मग कुत्र्याच्या बरगड्या दिसू लागल्या, सकाळी उठताना ते लंगडू लागलं, की मेडिकलमधून बाटली येते: कॅल्शियमचं सिरप, लिव्हर टॉनिक, सांध्यांच्या गोळ्या. यातल्या काहींचा खरोखर उपयोग होतो. पण पूरक द्यायचं ते कमी पडलेलं भरून काढायला. काय कमी पडतंय हे न बघता दिलेली बाटली बहुतेक वेळा वाया जाते, आणि कधी कधी अंगावर येते.

हिशेब मांडून बघू. २० किलोचं कुत्रं नुसतं सावलीत पडून राहिलं तरी त्याला रोज सुमारे ६६० किलोकॅलरी लागतात. दिवसभर राबणाऱ्याला त्याच्या अडीच पट, म्हणजे १६०० ते १७००. लांब पल्ल्याच्या कामात कुत्र्याचे स्नायू मुख्यतः चरबी जाळतात, पिष्टमय पदार्थांवर ते माणसाइतके अवलंबून नसतात. बर्फावर गाडी ओढणाऱ्या स्लेज कुत्र्यांना निम्म्याहून जास्त ऊर्जा चरबीतून देतात ती म्हणूनच. आपल्या कुत्र्याला तितकी गरज नाही, पण वाढत्या कामाच्या दिवसांत रोज एक मोठा चमचा तेल किंवा कोंबडीची कातडी हे सगळ्यात स्वस्त पूरक आहे. मात्र ते आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचं. एकदम तुपातेलाचा मारा केला तर जुलाब होतात आणि स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

प्रथिनांचं गणित याहून वाईट आहे. ८० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण २७० किलोकॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिनं असतात. चार भाकरींत ३२ ग्रॅम झाली, दुधाची आणखी सात-आठ धरा. राबणाऱ्या २० किलोच्या कुत्र्याला किमान ७५ ते ८० ग्रॅम हवीत. शिवाय ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, त्यामुळे जी प्रथिनं मिळतात तीही पुरती अंगी लागत नाहीत. स्लेज कुत्र्यांवरच्या एका अभ्यासात, ज्यांना फक्त १६ टक्के ऊर्जा प्रथिनांतून मिळत होती त्यांना जास्त प्रथिनं खाणाऱ्यांपेक्षा स्नायू-कंडरांच्या दुखापती जास्त झाल्या. दुखापत झाल्यावर गोळ्या शोधण्यापेक्षा ताट सुधारणं हाताशी आहे.

खान्देशात त्याचा अर्धा उपाय घरातच आहे. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी ज्वारीची उणीव बरीच भरून काढते, कारण उडदात लायसिन भरपूर असतं. कुत्र्यासाठी थापताना मीठ नावापुरतंच घाला. दिवसाचा खुराक साधारण असा जमतो: तीन भाकरी, कातडीसकट उकडलेली २५० ग्रॅम कोंबडी (वजन कच्च्याचं, हाडं काढून), दोन उकडलेली अंडी आणि एक मोठा चमचा तेल. ऊर्जा १६००च्या आसपास, प्रथिनं ८० ग्रॅम. भाकरी कोंबडीच्या बिनमिठाच्या पाण्यात कुस्करून द्या, म्हणजे मांस तेवढं वेचून बाकीचं टाकलं जात नाही.

या ताटात कॅल्शियम मात्र जवळजवळ नसतं, आणि फॉस्फरस भरपूर असतो. इथे पूरक लागतंच, पण ते अंड्याच्या टरफलात आहे. टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळा, कडक उन्हात वाळवा आणि मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करा. बोटाला खरखर लागली तर पुन्हा फिरवा. सपाट छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम पुडीत जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम असतं. वरच्या खुराकाला एवढं रोज पुरतं. पिशवीतलं तयार संपूर्ण खाद्य देत असाल तर ही पूड नको, त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेनच्या पिल्लांना तर वरून कॅल्शियम अजिबात देऊ नका. जास्तीचं कॅल्शियम शोषून न घेण्याची क्षमता पहिल्या काही महिन्यांत त्यांच्या आतड्यात नसते आणि हाडं-सांधे वेडेवाकडे वाढतात. पिल्लाचे पाय वाकले की लोक सिरप वाढवतात. अशाने दुखणं आणखी वाढू शकतं.

घरच्या खाण्यात जस्त, आयोडीन आणि ई जीवनसत्त्वही कमी पडतं. त्यासाठी कुत्र्यांसाठीचं जीवनसत्त्व-खनिज मिश्रण पशुवैद्यकांना विचारून, वजनाप्रमाणे द्यावं. गाईम्हशींचं खनिज मिश्रण चालत नाही, त्यातली प्रमाणं वेगळी असतात.

गोठ्यातल्या आणखी एका गोष्टीपासून कुत्र्याला लांब ठेवा: सरकीची ढेप. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. गाईम्हशींच्या रवंथाच्या पोटात ते बरंचसं निष्प्रभ होतं, कुत्र्याच्या पोटात होत नाही आणि हृदयावर परिणाम करतं. शेंगदाण्याची पेंड आणि बुरशी लागलेला मका यांतलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष कुत्र्याचं यकृत निकामी करू शकतं. काळ्या मसाल्याचा रस्सा, शेवभाजीचा उरलेला कट हेही बाद. कांदा-लसूण शिजवून, भाजून, वाळवूनही कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. २० किलोच्या कुत्र्याला १०० ग्रॅम कांदासुद्धा भोवू शकतो. ताकदीसाठी म्हणून मनुका देणारेही आहेत. मनुकांनी कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पडू शकतं.

आता बाटल्यांकडे. सांध्यांसाठी ज्या एका पूरकाला चांगला आधार आहे ते म्हणजे माशाच्या तेलातली ओमेगा-३ आम्लं, ईपीए आणि डीएचए. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या विश्लेषणात त्यांचा वेदनेवर परिणाम दिसला. सांध्यांच्या गोळ्यांतल्या ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा दिसला नाही. जवसाचं तेल माशाच्या तेलाची जागा घेऊ शकत नाही, कारण जवसातल्या ओमेगा-३चं ईपीएत रूपांतर करणं कुत्र्याच्या शरीराला फार थोडं जमतं. जवसाच्या चटणीत तर लसूण आणि मीठही असतं.

माशाच्या तेलाचं लेबल नीट वाचा. '१००० मिलिग्रॅम' हे तेलाचं वजन असतं. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, मिळून ३०० मिलिग्रॅमच असतात. २० किलोच्या तरण्या, धडधाकट कुत्र्याला अशा दोन-तीन पुरेत. संधिवात झालेल्याला रोज २९०० मिलिग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे साध्या नऊ-दहा किंवा दुप्पट ताकदीच्या पाच. सुरुवात जेवणासोबत एकीने करा आणि चार-पाच दिवसांनी एकेक वाढवा. विष्ठा पातळ झाली तर एक पायरी खाली या. जास्त मात्रेने रक्त गोठायला आणि जखम भरायला वेळ लागतो, म्हणून शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. कॉड लिव्हर ऑइल या मात्रेत कधीच नको, त्यातलं ए आणि डी जीवनसत्त्व विषारी ठरतं.

आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण उन्हाची आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या आसपास गेला की पत्र्याच्या खोलीतलं तेल लवकर खवट होतं, आणि खवट तेल अंगातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं. महिन्यापुरतंच घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. अधूनमधून एक कॅप्सूल सुईने टोचून वास घ्या: ताज्या माशासारखा आला तर ठीक, जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र आला तर सगळी फेका. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. सुरू करण्याआधी कुत्रं सकाळी उठून पहिली दहा पावलं कसं टाकतं त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि दोन महिन्यांनी त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा काढा. नुसत्या आठवणीवर विसंबलं की माणसाला हवं ते दिसतं.

सांधेदुखीवर हळदीबाबत कुत्र्यांमधला पुरावा तोकडा आहे. कोलॅजन या प्रथिनाबद्दल थोडा आशादायक आहे, पण ते महाग पडतं. वजन आटोक्यात ठेवणं मात्र फुकट आणि खात्रीचं आहे. ४८ लॅब्राडॉरच्या प्रसिद्ध अभ्यासात २५ टक्के कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, बाकीचे ११.२, सांधेही उशिरा दुखू लागले. हलका हात फिरवला की बरगड्या लागाव्यात, पण दुरून उठून दिसू नयेत. माणसांच्या गोळ्या, च्युएबल किंवा साखरमुक्त सिरप देण्याआधी झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) आहे का बघा, थोडंसंही कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरवतं. आणि दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक कधीही नको.

कामानंतर कुत्र्याला सगळ्यात आधी पाणी हवं असतं. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून थंड होतं. त्यात पाणी जातं, मीठ फारसं नाही. म्हणून रोज ओआरएस द्यायचं कारण नाही. निवांत दिवशी २० किलोच्या कुत्र्याला लिटरभर पाणी लागतं, उन्हातल्या कामात त्याच्या दुप्पट-तिप्पट. पीत नसेल तर लिटरभर पाण्यात वाटीभर बिनमिठाचं ताक घाला. मुख्य जेवण काम संपून धाप थांबल्यावर, तास-दीड तासाने. कामाआधीच्या चार तासांत पोटभर नाही. उन्हाने कुत्रं झोकांड्या खाऊ लागलं, हिरड्या लालभडक झाल्या, तर सावलीत आणून अंगावर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला आणि तसंच दवाखान्यात न्या. ओलं पोतं पांघरून ठेवू नका, आतली उष्णता अडते.

खाणं बरं आहे, पाणी आहे, तरी कुत्रं दमतं आणि हिरड्या पांढुरक्या दिसतात, तेव्हा लोक रक्तवाढीचं टॉनिक आणतात. आपल्या भागात त्यामागे बहुधा गोचीड ताप किंवा आतड्यातले अंकुशकृमी असतात. रक्ताची आणि विष्ठेची तपासणी करून घ्या, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या आणि कानामागच्या, बोटांमधल्या गोचीड रोज बघा. वाड्यावरच्या कुत्र्यांना मेंढीचं कच्चं फुप्फुस-काळीज टाकू नका. त्यातल्या पाण्याच्या गाठींतून कुत्र्याला पट्टकृमी होतो आणि त्याच्या अंड्यांमुळे माणसाच्या यकृतात तशाच गाठी होतात. अशा कुत्र्यांच्या जंताच्या औषधात प्राझिक्वांटेल असायलाच हवं. लोहाचं टॉनिक तपासणीचा अहवाल आल्यावर, डॉक्टरांनी लिहून दिलं तरच.