लिनक्सवर यायचंय? आधी चालू कामाची एक फाइल घेऊन या

"माझं फोटोशॉप चालेल ना?" लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, टाकून घ्यायला आलेले बहुतेक ग्राहक पहिल्यांदा हेच विचारतात. सरळ उत्तर असं, की अडोबी ही कंपनी फोटोशॉप, इलस्ट्रेटर, प्रीमिअर ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी काढतच नाही. वाइन नावाची सोय आहे. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्यासाठी १९९३ पासून तिच्यावर काम चालू आहे आणि फोटोशॉपच्या काही जुन्या आवृत्त्या तिच्यावर बऱ्यापैकी चालतातही. पण आज चाललं ते पुढच्या अपडेटनंतर चालेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. हौसेसाठी ठीक आहे. ज्याला उद्या सकाळी छपाईला फाइल पाठवायची आहे, त्याच्या हातात आम्ही वाइनच्या भरवशावर मशीन देत नाही.

म्हणून येताना सॉफ्टवेअरची यादी आणू नका, चालू कामातली एक फाइल आणा. लेयर, फॉन्ट, लिंक केलेल्या इमेज, सगळ्यासकट. तुमच्याच मशीनवर, डिस्कला हात न लावता, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करतो आणि ती फाइल तुमच्यासमोर उघडून बघतो. काय बिघडतं ते तिथेच कळतं.

बरंचसं काही बिघडत नाही. ब्लेंडर (थ्रीडी), क्रिता (चित्रं रंगवणं), इंकस्केप (व्हेक्टर ड्रॉइंग), डार्कटेबल (फोटो), केडेनलाइव्ह (व्हिडिओ एडिटिंग) ही मूळचीच लिनक्सवर चालणारी. थ्रीडी आणि इफेक्ट्सच्या कामातल्या माया, हुडिनी आणि न्यूक यांच्याही लिनक्स आवृत्त्या आहेत. चित्रपटांचे व्हीएफएक्स, म्हणजे दृश्य परिणाम, करणारे मोठे स्टुडिओ कितीतरी वर्षं लिनक्सच वापरतात. आवाजाच्या कामाला आर्डर, रीपर, बिटविग आहेत.

फोटोच्या कामाला गिंप. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत लावलेला फिल्टर नंतरही बदलता येतो, त्यामुळे तो बदलता येत नाही ही जुनी तक्रार एकदाची मिटली. पण फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडली म्हणजे सगळं जसंच्या तसं आलं असं समजू नका. स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे फाइलच्या आत जपून ठेवलेली मूळ चित्रं, तसेच राहत नाहीत. छपाईसाठी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे रंग, लागत असेल तर चित्र क्रितामध्ये आणि पानांची मांडणी स्क्रायबसमध्ये करा, असं आम्ही सांगतो. हात बसायला वेळ लागतो. पहिले काही दिवस शॉर्टकट चुकतील, चिडचिड होईल, ती धरूनच चाला.

व्हिडिओवाल्यांनी हे नीट वाचावं. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर लिनक्सवर अधिकृतपणे मिळतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. मग मोबाइलवर काढलेली क्लिप टाइमलाइनवर ओढतात आणि चित्रच येत नाही. मशीन बिघडलेलं नसतं. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ हे व्हिडिओचे प्रकार वाचत नाही, आणि बहुतेक मोबाइल, कॅमेरे नेमके त्यातच रेकॉर्ड करतात. पैसे भरून स्टुडिओ आवृत्ती घेतली की चित्र येतं, पण आवाज गायब! तो एएसी नावाच्या प्रकारात असतो, ती वेगळी अडचण. यावर आम्ही एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅमची एक छोटी स्क्रिप्ट लावून देतो. फोल्डरमध्ये क्लिप टाकली की ती डीएनएक्सएचआर चित्र आणि पीसीएम आवाज अशी, म्हणजे रिझॉल्व्हला वाचता येणाऱ्या प्रकारांत, बदलून मिळते. किंमत मोजावी लागते ती डिस्कवरच्या जागेची. डीएनएक्सएचआरच्या एचक्यू दर्जात फुल एचडीचा एक मिनिट सव्वा जीबीच्या वर जातो. तासभराचं शूट असेल तर हिशेब आधीच करा. हे जमणार नसेल तर केडेनलाइव्ह घ्या, ते मोबाइलची क्लिप मुकाट्याने उघडतं.

रोजच्या वापराचं थोडक्यात. ब्राउझर, मेल, व्हिडिओ कॉल यांत काही अडत नाही. वर्डची फाइल लिनक्सवरच्या लिबरऑफिसमध्ये उघडते, पण मूळ फॉन्ट नसला की ओळी सरकतात आणि एका पानाचं पत्र दीड पानाचं होतं. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि एरियलच्या जागी लिबरेशन सॅन्स टाकला की हे बरंचसं थांबतं, कारण त्यांच्या अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टइतकीच ठेवलेली आहे.

आमच्याकडे सर्वांत जास्त फोन येतात ते दोन गोष्टींवरून. एक, फ्लॅटपॅक या प्रोग्रॅम टाकायच्या पद्धतीने टाकलेल्या प्रोग्रॅमला बाहेरची हार्डडिस्क दिसत नाही. फ्लॅटपॅक प्रत्येक प्रोग्रॅमला कुंपणात ठेवतो. फ्लॅटसील हा परवानग्या ठरवणारा प्रोग्रॅम उघडून त्या डिस्कची परवानगी द्या. दुसरं, लेआउटमधल्या इमेज सापडत नाहीत. लिनक्सला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं वाटतं, विंडोजला सहसा वाटत नाही. लिंकमध्ये नाव कॅपिटलमध्ये आणि डिस्कवर स्मॉलमध्ये असेल, तर फाइल डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स हवं असेल, तर येण्याआधी तीन कामं उरका. पूर्ण बॅकअप घ्या. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून आणा. ती नसेल तर आम्ही पार्टिशनला हात लावणार नाही, कितीही घाई असो. आणि विंडोजमधला फास्ट स्टार्टअप (मशीन पटकन सुरू व्हावं म्हणून असलेली सोय) बंद करा, नाहीतर विंडोजचा ड्राइव्ह लिनक्समधून फक्त वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर सांगा. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी मशीनची सोय, चालू असताना त्याचा ड्रायव्हर टाकल्यावर पुढच्या रीस्टार्टला एक निळा स्क्रीन येतो आणि पासवर्ड मागतो. घाबरून मशीन बंद करू नका, ड्रायव्हरची सही मान्य करायची ती पायरी आहे.

ज्यांचं सगळं काम अडोबीच्या आफ्टर इफेक्ट्सच्या टेम्प्लेटवर चालतं किंवा ज्यांचे ग्राहक इलस्ट्रेटरचीच फाइल मागतात, त्यांना आम्ही विंडोज सोडू नका असंच सांगतो.

ग्राफिक टॅब्लेट वापरत असाल तर तोही पेनसकट आणा. वॅकॉमचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच असतो, त्यामुळे बहुतेक टॅब्लेट लावताक्षणी चालू होतात. पण पेनचा दाब किती हलका ठेवायचा, ते तुमच्या हातानेच ठरवावं लागतं.